औद्योगिक संकेतांचे विलगीकरण व रूपांतरण : विश्वासार्ह आकड्याचा पाया

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. औद्योगिक नियंत्रण यंत्रणेतील ॲनालॉग संकेतांचे विलगीकरण आणि रूपांतरण हा विषय अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी शिकवावा. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. याचे कारण असे की, ज्या आकड्यांच्या आधारे मी पंचवीसहून अधिक वर्षे अभ्यास करीत आलो, त्यांपैकी बराच मोठा भाग आता कोणी वहीत लिहून घेत नाही. वीजवापर, पाण्याचा उपसा, इंधनाचा खप, धुराड्यातून बाहेर पडणारे प्रदूषण यांचे आकडे कारखान्यातील एखाद्या संवेदकापाशी जन्माला येतात, तारेतून विद्युतधारेच्या रूपाने प्रवास करतात, संगणकात अंकांचे रूप घेतात आणि मग शासकीय अहवालात येतात. आपण अहवालातील आकड्यावर उत्तरे लिहितो, शासन त्यावर धोरण आखते. परंतु तारेतील त्या प्रवासातच आकडा बदलला तर पुढचे सारे विवेचन निर्दोष असूनही निष्कर्ष चुकतो. हे मला पुस्तकातून नव्हे, तर एका कारखान्यात समजले.

एका कारखान्यातील अनुभव

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासगटाबरोबर पश्चिम भारतातील एका कापड प्रक्रिया कारखान्यात जाण्याचा योग आला. तेथील बॉयलरच्या धुराड्यावर कणरूप प्रदूषके मोजणारे उपकरण बसविलेले होते. त्याची मापनकक्षा दर घनमीटरला ० ते ३०० मिलिग्रॅम होती आणि कायद्याने घातलेली मर्यादा १५० मिलिग्रॅम. उपकरणातून निघालेली एकच तार आधी कारखान्याच्या नियंत्रण कक्षातील दर्शकाकडे आणि तेथून पुढे नियामक मंडळाकडे माहिती पाठविणाऱ्या डेटा लॉगरकडे गेली होती. नियंत्रण कक्षात १५० च्या आसपास आकडा दिसत होता. मंडळाकडे जाणारा आकडा मात्र १३१ होता.

आमच्या गटातील एका सदस्याने तत्काळ छेडछाडीचा संशय व्यक्त केला. व्यवस्थापक अस्वस्थ झाले. त्या वेळी कारखान्यातील इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक पुढे आले. आयटीआयमध्ये शिकलेले, पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘साहेब, याला कोणी हात लावलेला नाही. अर्थिंग दोन ठिकाणी झाले आहे.’’ त्यांनी उपकरणापाशी धारा मोजून दाखविली : १२ मिलिॲम्पिअर. डेटा लॉगरच्या टोकाशी मोजली : ११ मिलिॲम्पिअर. एक मिलिॲम्पिअर वाटेत जमिनीतून परत जात होता. त्यांनी भांडारातून तळहाताएवढी एक पेटी आणली, पॅनेलमधील पट्टीवर बसविली, चार तारा जोडल्या, वीजपुरवठा दिला. अर्ध्या तासात दोन्ही आकडे जुळले. त्या पेटीचे नाव सिग्नल आयसोलेटर.

कोणीही खोटे बोललेले नव्हते, तरीही मर्यादेच्या काठावर असलेला कारखाना शासनाच्या संगणकात मर्यादेच्या बराच आत दिसत होता. चूक कारखान्याच्या सोयीची असल्यामुळे ती शोधण्याची घाईही कोणाला नव्हती. आमची भेट झाली नसती तर ती किती काळ तशीच राहिली असती, हा प्रश्न मला अजून अस्वस्थ करतो.

चार ते वीसची भाषा

ही चूक समजण्यासाठी संकेताची भाषा समजून घेतली पाहिजे. तापमान, दाब, पातळी, प्रवाह या राशी सलग बदलतात. त्यांच्याबरोबर सलग बदलणाऱ्या विद्युतसंकेताला ॲनालॉग संकेत म्हणतात. उद्योगांत त्यासाठी ४ ते २० मिलिॲम्पिअर विद्युतधारेचा संकेत सर्वमान्य झाला असून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०३८१ या मानकात त्याचा समावेश आहे. मापनकक्षेचा तळ म्हणजे ४, माथा म्हणजे २०. मधल्या १६ मिलिॲम्पिअरमध्ये संपूर्ण कक्षा सामावते. वरील उदाहरणात १६ मिलिॲम्पिअर म्हणजे ३०० मिलिग्रॅम, अर्थात एक मिलिॲम्पिअर म्हणजे १८.७५ मिलिग्रॅम. १२ मिलिॲम्पिअरला १५० आणि ११ मिलिॲम्पिअरला १३१.२५ हा हिशेब आपण आता स्वतः करू शकाल.

विभवांतराऐवजी विद्युतधारा का निवडली, याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे. लांब तारेच्या रोधामुळे विभवांतर वाटेत घटते. परंतु एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र सारखीच असते. त्यामुळे तार शंभर मीटर असो वा पाचशे, संकेत तोच पोहोचतो. पलीकडच्या टोकाला २५० ओहमचा रोधक लावला की या धारेचे १ ते ५ व्होल्टमध्ये रूपांतर होते आणि ते मोजता येते. यात एकच अट आहे, ती म्हणजे धारेला वाटेत दुसरी पळवाट मिळता कामा नये.

पट्टा शून्यापासून सुरू न करता चारपासून का सुरू केला, हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. विजेच्या आधी कारखान्यांत दाबाखालील हवेचे संकेत वापरीत. त्यांचा पट्टा दर चौरस इंचाला ३ ते १५ पौंड असा होता. तेथेही तळ हा माथ्याच्या एक पंचमांश होता, येथेही आहे. यामागील विचार असा की, ४ मिलिॲम्पिअर म्हणजे ‘मोजले आणि शून्य आढळले’, तर ० मिलिॲम्पिअर म्हणजे ‘तार तुटली, काहीच कळत नाही’. याला ‘जिवंत शून्य’ म्हणतात. शिवाय याच किमान धारेवर दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः चालू शकतो. जर्मनीतील प्रक्रिया उद्योगांच्या ‘नामूर’ या संघटनेच्या शिफारशीनुसार ३.६ मिलिॲम्पिअर वा त्याहून कमी आणि २१ मिलिॲम्पिअर वा त्याहून अधिक धारा हा बिघाडाचा इशारा मानला जातो. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यातून बोध घ्यावा. एखाद्या जिल्ह्यापुढे ‘०’ लिहिणे आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तरीही कित्येक तक्त्यांत दोन्हींसाठी एकच रकाना कोरा सोडलेला असतो.

विलगीकरण कशासाठी?

आता त्या हरवलेल्या मिलिॲम्पिअरकडे वळू. आपण जमिनीचे विभव शून्य मानतो. परंतु मोठ्या कारखान्यात एका टोकाची जमीन आणि दुसऱ्या टोकाची जमीन यांच्या विभवांत फरक असतो. अवजड मोटारी सुरू होतात, वेल्डिंग चालते, जवळपास वीज कोसळते, तेव्हा हा फरक वाढतो. एकाच संकेतमार्गावरील दोन उपकरणे दोन ठिकाणी जमिनीला जोडली गेली, की त्यांच्यामध्ये जमिनीतून एक समांतर वाट तयार होते. तंत्रज्ञ तिला ग्राउंड लूप म्हणतात. या वाटेने संकेताची काही धारा निघून जाते किंवा बाहेरची धारा संकेतात मिसळते. त्या कारखान्यात दर्शक आणि डेटा लॉगर या दोघांचेही ऋण टोक आपापल्या ठिकाणी जमिनीला जोडलेले होते.

जमिनीची ही वाट पूर्ण खुली असती, तर जवळजवळ सगळी धारा तिकडे वळली असती, डेटा लॉगरवरील संकेत चारच्या खाली गेला असता आणि बिघाड त्याच दिवशी ध्यानात आला असता. एका बाजूचा भूसंपर्क अर्धवट असल्यामुळे थोडीच धारा वळली आणि आकडा पटण्याजोगा राहिला. आकडेवारीतही असेच घडते. दहापट चुकलेला आकडा छपाईपूर्वी पकडला जातो, दहा टक्क्यांनी चुकलेला आकडा अहवालात जाऊन बसतो.

यावरील उपाय म्हणजे विलगीकरण. आयसोलेटरच्या आत प्रवेश बाजू आणि निर्गम बाजू यांच्यामध्ये धातूची कोणतीही सलग वाट नसते. संकेत मधली दरी तीन प्रकारे ओलांडतो. रोहित्रात तो चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने जातो; त्यासाठी स्थिर संकेताला आधी वेगाने बदलणारे रूप द्यावे लागते. प्रकाशीय जोडात एका बाजूचा प्रकाश-उत्सर्जक डायोड चमकतो आणि दुसऱ्या बाजूचा प्रकाशग्राही घटक ते टिपतो. तिसऱ्या प्रकारात सूक्ष्म धारित्राच्या विद्युतक्षेत्राचा उपयोग होतो. तिन्ही पद्धतींत माहिती पलीकडे जाते, विद्युतधारा जात नाही. चांगल्या उपकरणात प्रवेश, निर्गम आणि वीजपुरवठा ही तिन्ही अंगे परस्परांपासून विलग ठेवलेली असतात. कारण पुरवठ्याच्या सामाईक तारेतूनही पळवाट निघू शकते. या रचनेचा आणखी एक लाभ असा की, एका बाजूला अकस्मात उच्च विभव आले तरी दुसऱ्या बाजूचे उपकरण आणि ते हाताळणारा माणूस सुरक्षित राहण्यास मदत होते.

रूपांतरण आणि त्याच्या मर्यादा

संकेताचे रूपांतरण दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा संवेदकापाशी असतो. के-प्रकारच्या तापयुग्मात एका अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकेच विभवांतर निर्माण होते. प्लॅटिनमच्या पीटी-१०० संवेदकाचा रोध ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो. हे क्षीण बदल दूरवर नेता येत नाहीत. म्हणून त्यांचे ४ ते २० मिलिॲम्पिअरमध्ये रूपांतर करतात.

दुसरा टप्पा म्हणजे सलग संकेताचे अंकांत रूपांतर. त्यात दोन गोष्टी कराव्या लागतात : ठरावीक अंतराने नमुना घेणे आणि त्या नमुन्याला जवळच्या पायरीवर बसविणे. बारा बिटांच्या रूपांतरकात ४०९६ आणि सोळा बिटांच्या रूपांतरकात ६५,५३६ पायऱ्या असतात. आपली ३०० मिलिग्रॅमची कक्षा ४०९६ पायऱ्यांत विभागली तर एक पायरी सुमारे ०.०७ मिलिग्रॅमची होते. पडद्यावर दशांश चिन्हापुढे दोन अंक दिसू लागतात आणि पाहणाऱ्याचा विश्वास वाढतो. परंतु तारेतूनच १९ मिलिग्रॅम गळून गेले असतील, तर त्या दोन दशांश अंकांना काय अर्थ? पायरीचा बारीकपणा आणि मापनाची अचूकता या भिन्न गोष्टी आहेत. दरडोई उत्पन्नाचा वा एखाद्या निर्देशांकाचा आकडा दशांशापर्यंत दिलेला पाहिला म्हणजे मला ही गोष्ट आठवते.

नमुना किती वेळा घ्यावा, याचेही शास्त्र आहे. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ चे आणि क्लॉड शॅनन यांचे १९४९ चे कार्य या बाबतीत मूलभूत मानले जाते. संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले नाहीत, तर संगणकाला प्रत्यक्षात नसलेलाच संथ बदल दिसू लागतो. चित्रपटात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने. म्हणून नमुना घेण्यापूर्वी अनावश्यक जलद बदल गाळून टाकावे लागतात. आपल्याकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. रूपांतरकाने बरोबर तितका वेळ किंवा त्याच्या पूर्ण पटीत सरासरी घेतली, तर संकेतात शिरलेली विजेची गुणगुण धन आणि ऋण अर्धे परस्परांना रद्द करून नाहीशी होते. मापनाचा कालावधी योग्य निवडला की गोंगाट गळतो. शेतीच्या उत्पादनाची तुलना महिन्यागणिक न करता हंगामागणिक का करतात, हे आपणांस यावरून समजेल.

संस्थांचे विलगीकरण

येथपर्यंतचे विवेचन तारांविषयी होते. आता मी माझ्या विषयाकडे येतो. कारण अशी पळवाट संस्थांमध्येही तयार होते.

गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये त्रयस्थ पर्यावरण लेखापरीक्षणाची पद्धत सुरू झाली. लेखापरीक्षक त्रयस्थ असला तरी त्याची निवड कारखाना करीत असे आणि मानधनही कारखानाच देत असे. मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यामध्ये पैशाची सामाईक तार राहिली होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने यावर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या पद्धतीतील अहवालांत कणरूप प्रदूषकांचे आकडे १५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करून असल्याचे आढळले. स्वतंत्र मोजणीत तसे चित्र नव्हते. प्रयोगातील निवडक कारखान्यांसाठी लेखापरीक्षक यादृच्छिक पद्धतीने नेमले गेले, मानधन सामाईक निधीतून ठरावीक दराने दिले गेले आणि काही मोजण्यांची फेरतपासणी झाली. परिणामी, मर्यादेचे पालन होत असल्याचा खोटा अहवाल देण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

या तीन उपायांकडे तंत्रज्ञाच्या दृष्टीने पाहा. सामाईक निधी म्हणजे आयसोलेटर : माहिती पलीकडे जाते, पैशाचा दाब जात नाही. फेरतपासणी म्हणजे ज्ञात संकेत देऊन केलेले अंशशोधन. आणि यादृच्छिक नेमणूक म्हणजे पळवाट पुन्हा तयार होऊ नये यासाठीची दक्षता.

दोन्ही प्रकारचे विलगीकरण एकत्र आवश्यक ठरले ते सुरतमध्ये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या १७ वर्गांना प्रदूषणाचे अखंड मापन करणारी उपकरणे बसविण्याचे निर्देश दिले होते. पुढे २०१९ मध्ये सुरत येथे कणरूप प्रदूषकांसाठी उत्सर्जन व्यापाराची योजना सुरू झाली; या प्रकारची ती जगातील पहिली बाजारपेठ मानली जाते. एकूण उत्सर्जनाला कमाल मर्यादा घालून परवाने वाटायचे. ज्याने कमी प्रदूषण केले त्याने उरलेले परवाने विकायचे, ज्याला अधिक लागतील त्याने विकत घ्यायचे. या बाजारात खरेदी-विक्री होते ती किलोग्रॅममध्ये मोजलेल्या प्रदूषणाची आणि ते किलोग्रॅम धुराड्यावरील उपकरणांच्या संकेतांतून काढले जातात. हाताने घेतलेल्या नमुन्यांशी ताडून त्या उपकरणांचे अंशशोधन करावे लागते. योजनेत सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन इतर कारखान्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे अभ्यासकांना आढळले. अशा बाजारात एक मिलिॲम्पिअर गळणे म्हणजे वजनकाट्याखाली बोट धरण्यासारखे आहे. मग ते कोणी हेतुपुरस्सर केलेले असो वा नसो.

खर्च, कौशल्य आणि देशी क्षमता

सिग्नल आयसोलेटरची किंमत साधारणपणे काही हजार रुपये असते. त्याच्या अभावी चुकणाऱ्या निर्णयाची किंमत त्याहून कितीतरी अधिक असू शकते. तरीही खरेदीच्या यादीतून अशा वस्तू प्रथम वगळल्या जातात. कारण त्यांचा खर्च एकाच्या खात्यावर पडतो आणि लाभ अनेकांना विखरून मिळतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. ज्या वस्तूचा लाभ समाजाला होतो पण खरेदी करणाऱ्याला जाणवत नाही, तिचा आग्रह मानके आणि नियम यांनीच धरावा लागतो. मापन-यंत्रणेच्या निविदेत संवेदकाबरोबरच विलगीकरण, अर्थिंग आणि ठरावीक काळाने होणारे अंशशोधन यांचाही स्पष्ट उल्लेख असला पाहिजे.

दुसरा प्रश्न कौशल्याचा. त्या दिवशी कारखान्यात आम्ही काही पदवीधर आणि डॉक्टरेट मिळविलेले लोक उभे होतो. दोष सापडला तो आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला. कौशल्यविकासाच्या योजनांवर उत्तर लिहिताना प्रशिक्षितांची संख्या आपण लिहालच. परंतु अशा एका माणसाच्या ज्ञानावर किती शासकीय आकड्यांची विश्वासार्हता अवलंबून असते, याचाही विचार करा.

तिसरा प्रश्न देशी क्षमतेचा. आपल्यापैकी अनेकांना राजस्थानातील कोटा हे शहर शिकवणी वर्गांमुळे माहीत आहे. याच शहरात १९६४ मध्ये स्थापन झालेली इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी होती. देशातील औष्णिक वीजकेंद्रांसाठी ती नियंत्रण आणि मापनाची उपकरणे तयार करीत असे. पुढे ती तोट्यात गेली आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिचा कोटा येथील कारखाना बंद करण्यास मान्यता दिली. आज देशात खासगी क्षेत्रातील अनेक लहान-मोठे उद्योग आयसोलेटर आणि ट्रान्समीटर बनवितात, ही समाधानाची बाब आहे. मात्र मोजण्याची क्षमता हीदेखील पायाभूत सुविधा आहे, हे नियोजनात विसरून चालणार नाही.

समारोप

मित्रांनो, परीक्षेत आपणांस अनेक आकडे पाठ करावे लागतात. त्यांपैकी निदान महत्त्वाच्या आकड्यांना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. हा आकडा कोठे जन्मला आणि कोणत्या वाटेने आला? मोजणारा हा मोजल्या जाणाऱ्यापासून खरोखर विलग आहे काय? आणि ‘शून्य’ व ‘माहिती नाही’ यांतील भेद त्यात राखला आहे काय?

उद्या आपल्यापैकी काही जण जिल्ह्याच्या, मंडळाच्या वा मंत्रालयाच्या खुर्चीवर बसतील. समोरच्या पडद्यावर एखादा कारखाना मर्यादेच्या आत असल्याचे दिसेल आणि त्या आधारे स्वाक्षरी करावी लागेल. त्या कारखान्याच्या पाठीमागे वस्ती असते, तिथली मुले तीच हवा श्वासात घेतात. म्हणून स्वाक्षरीपूर्वी एकदा तरी धुराड्यापर्यंत जाऊन या, पॅनेल उघडायला सांगा आणि तेथील मेकॅनिकला विचारा, की इथली धारा तिथपर्यंत पूर्ण पोहोचते ना? तो जे सांगेल ते लक्षपूर्वक ऐका.